जुनी शिवण, नवी फाट : भिलाईच्या भट्टीपासून आफ्रिकेच्या खचदरीपर्यंत

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाई येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला होता. चार वर्षांत दुर्गजवळच्या भातशेतीच्या सपाट मुलखात वर्षाला दहा लाख टन पोलाद देऊ शकेल असा कारखाना उभा राहू लागला. नव्या भारताच्या उभारणीची खूण म्हणून त्या दिवसाचे स्मरण केले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या भट्टीच्या पोटात जे काही पडले, त्याचा इतिहास १९५५ पासून सुरू होत नाही.

लोहखनिज आले दल्ली-राजहराच्या टेकड्यांतून. ते खडक अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहूनही जुने आहेत. चुनखडी आली भिलाईच्या उत्तरेला असलेल्या नंदिनीच्या खाणींतून; ती एका उथळ प्राचीन समुद्राच्या तळाशी साचली, तेव्हा पृथ्वीवर डोळ्यांना दिसेल असा एकही प्राणी नव्हता. कोळसा आला कोरबा आणि दामोदर खोऱ्यातून, आणि त्याचे वय तीस कोटी वर्षांच्या अलीकडचे. तीन कच्चे माल, तीन युगे. यांपैकी तिसऱ्याची कथा अधिक विलक्षण आहे. कोळसा देशभर विखुरलेला नाही. तो काही ठरावीक, लांबट, अरुंद पट्ट्यांतच सापडतो. ते पट्टे तेथेच का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात भूविज्ञानाची शंभराहून अधिक वर्षे गेली. थोडक्यात सांगायचे, तर भूखंड फाटतो तेव्हा तो सहसा कोठेही फाटत नाही. तो बहुधा जुन्या शिवणीवर उसवतो.

नागपुरातील एक नकाशा

एकोणिसाव्या शतकात दुर्ग, रायपूर, बिलासपूर आणि चांदा ही सगळी नावे नागपूरशी बांधलेली होती. आधी भोसल्यांच्या राज्यात आणि १८५४ नंतर इंग्रजांच्या अमलाखाली. पुढे स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानीही नागपूरच. नागपुरात एम्प्रेस मिल उभारणारे जमशेटजी टाटा यांच्या हाती १८८२ मध्ये एक अहवाल आला. रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन भूवैज्ञानिकाने चांदा जिल्ह्यातील लोहाराच्या लोहखनिजाविषयी तो लिहिला होता. जवळच वरोऱ्याला कोळसा होता. लोखंड आणि कोळसा एकाच जिल्ह्यात असल्याने पोलादाचे स्वप्न तेथेच साकार होईल असे वाटत होते. प्रत्यक्षात वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा ठरला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी जमशेटजींचे पुत्र दोराबजी चांद्याचा नाद सोडल्याचे सांगण्यासाठी नागपूरच्या सचिवालयात गेले. भेटीला अवकाश होता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा रंगीत भूवैज्ञानिक नकाशा टांगलेला होता, आणि त्यात दुर्गच्या बाजूला लोखंडाची खूण गडद रंगात होती. त्या नकाशामागे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायी केलेली पाहणी होती. टाटांची माणसे दल्ली-राजहराला पोहोचली, तेव्हा टेकडीच टेकडी लोखंडाची असल्याचे त्यांना दिसले. तरीही सोयीचा कोळसा आणि पुरेसे पाणी यांचा मेळ बसेना. पुढे १९०४ मध्ये बोस यांनीच पत्राने मयूरभंजच्या खनिजाची माहिती कळवली आणि टाटांचा कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. दल्ली-राजहरा पुढची पन्नास वर्षे वाट पाहत राहिले.

लोखंड एकीकडे, कोळसा दुसरीकडे, आणि दोहोंच्या मध्ये शेकडो किलोमीटर. उद्योजकाला जो मनस्ताप वाटला, तोच भूवैज्ञानिकाला दाखला वाटतो. लोहखनिज आहे ते भूखंडाच्या टणक, पुरातन गाभ्यावर. कोळसा आहे तो अशा गाभ्यांच्या मधल्या फटींत.

गोंडवन हे नाव

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली झाली, आणि तिच्या प्रारंभीच्या कामांत कोळशाचा शोध प्रमुख होता. आगगाडीला इंधन हवे होते. त्या शोधात १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांचे सहकारी ओडिशातील तालचेरला पोहोचले. कोळशाच्या थरांखाली त्यांना चिकणमातीत रुतलेले मोठमोठे गोटे सापडले. असे गोटे पाण्याच्या प्रवाहाने नव्हे, तर बर्फाने वाहून आणलेले असतात, असा तर्क त्यांनी मांडला. उष्ण कटिबंधातील भारतात हिमयुगाचा पुरावा मिळणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती.

१८७२ मध्ये हेन्री बेनेडिक्ट मेडलिकॉट यांनी या कोळसाधारी थरांसाठी ‘गोंडवन’ हे नाव सुचवले. गोंड राजांचा मुलूख, म्हणजे आजचा पूर्व विदर्भ, छत्तीसगड आणि महाकोशल. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे एडुआर्ड स्यूस यांनी तेच नाव उचलून दक्षिणेच्या एका लुप्त महाखंडाला दिले. चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली आणि कोरबा यांच्या परिसरातील एका जनसमूहाचे नाव अशा रीतीने जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

सर्वेक्षणाच्या माणसांनी नकाशे रंगवले, तसा एक आकार उमटत गेला. कोळशाचे थर तीन मुख्य ओळींत होते. पहिली ओळ वर्धा-प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. दुसरी सोन-महानदीच्या खोऱ्यातून जवळजवळ तिला समांतर. तिसरी दामोदर खोऱ्यातून पूर्व-पश्चिम. या पट्ट्यांच्या कडा अनेक ठिकाणी सरळ रेषेत तुटलेल्या होत्या. एका बाजूला कोट्यवधी वर्षांचा गाळ, आणि पलीकडे एकदम पुरातन ग्रॅनाइट किंवा नाइस. दोन प्रस्तरभंगांमधली जमीन खाली खचली, खचत असतानाच तिच्यात गाळ आणि वनस्पती साचत राहिल्या, आणि पुढे त्यांचा कोळसा झाला, असा त्याचा अर्थ होता. म्हणजे या खचदऱ्या होत्या. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेले हे खचणे काही ठिकाणी ज्युरासिक आणि त्याही पुढच्या काळापर्यंत चालले. सिरोंच्याजवळ वडधमला डायनासोरांच्या काळातील जीवाश्म मिळतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा असलेला बारापासॉरस या महाकाय प्राण्याचा सांगाडाही याच गोदावरीच्या पट्ट्यातला आहे.

याच पट्ट्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती या सगळ्या कथेची किल्ली आहे. गोदावरीच्या गोंडवन थरांच्या दोन्ही बाजूंना, दोन काठांसारख्या, त्याहून फार जुन्या गाळाच्या खडकांच्या ओळी आहेत. भूवैज्ञानिक त्यांना पाखाल गटाचे खडक म्हणतात. त्यांचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक. म्हणजे जेथे तीस कोटी वर्षांपूर्वी जमीन खचली, तेथे ती कितीतरी आधीही खचली होती. एकाच रेषेवर दोनदा. आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना काय आहे? ईशान्येला बस्तरचा प्राचीन भूखंडगाभा, नैर्ऋत्येला धारवाडचा. महानदीच्या ओळीचेही तसेच: एका बाजूला बस्तर, दुसरीकडे सिंहभूम.

अटलांटिक दुसऱ्यांदा उघडला काय?

अशी पुनरावृत्ती योगायोगाने होत नसावी, अशी शंका अनेकांना होती. तिला सिद्धान्ताचे रूप येण्यासाठी १९६६ साल उजाडावे लागले. कॅनडाचे भूभौतिकतज्ज्ञ जे. टुझो विल्सन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते: अटलांटिक महासागर एकदा मिटून पुन्हा उघडला काय? उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या काही भागांत युरोपीय वळणाचे त्रिखंडी जीवाश्म सापडतात, तर युरोपच्या काही भागांत अमेरिकी वळणाचे. विल्सन यांचे म्हणणे असे की फार पूर्वी एक जुना महासागर मिटला आणि दोन्ही भूखंड एकमेकांना चिकटले. पुढे नवा अटलांटिक जवळजवळ त्याच जोडावर उघडला, पण तंतोतंत नाही, म्हणून काही तुकडे पलीकडच्या काठाला राहून गेले. महासागर उघडणे, मिटणे आणि पुन्हा उघडणे या फेऱ्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

या दृष्टीने पाहिले, तर भारताचा द्वीपकल्प हा एकसंध दगड नाही. तो गोधडी आहे. धारवाड, बस्तर, सिंहभूम, बुंदेलखंड आणि अरवली हे तिचे जुने तुकडे, आणि त्यांच्या मधल्या पर्वतनिर्मितीच्या पट्ट्या म्हणजे शिवणी. उत्तरेचा बुंदेलखंड आणि दक्षिणेचे बस्तर-धारवाड यांना जोडणारी शिवण सातपुड्यातून जाते. सोन-नर्मदेची प्रसिद्ध रेषा त्याच पट्ट्यात आहे.

जुन्या रेषेचे भौतिकशास्त्र

येथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. भूपट्टांना ताणणारे बल प्रति मीटर रुंदीमागे काही लक्ष कोटी न्यूटन इतके असते. आकडा प्रचंड वाटतो. पण थंड, जाड, निरोगी शिलावरण सर्व जाडीभर तोडण्यासाठी लागणारे बल त्याच्या अनेक पट आहे. म्हणजे केवळ हिशेबाने पाहिले तर जुने भूखंड फाटूच नयेत. पण ते फाटतात. तेव्हा निसर्गाकडे काहीतरी पळवाट असली पाहिजे.

एक वाट शिलारसाची. खालून वर चढणारा तप्त शिलारस भेगांत शिरतो आणि खडक ओढून तोडण्याऐवजी पाचरीसारखा ढकलून उघडतो. दुसरी वाट जुन्या शिवणीची, आणि तिची कारणे चार आहेत. पहिले, तुटलेल्या खडकात संलग्नता उरलेली नसते. अखंड खडकाला आधी चीर पाडावी लागते, पण जुन्या प्रस्तरभंगाला केवळ घर्षणावर मात करायची असते. आणि तेथे चिकणमातीसारखी निसरडी खनिजे किंवा दाबाखालचे पाणी असेल, तर घर्षणही कमी. दुसरे, पर्वतनिर्मितीच्या वेळी दाबले गेलेले खडक एका दिशेने पदर धरतात. लाकूड तंतूंच्या दिशेने सहज चिरते आणि आडवे चिरत नाही, तसेच हे. तिसरे, हा पदर केवळ वरच्या कवचातच नसतो. खालच्या प्रावरणातील ऑलिव्हिन या खनिजाचे स्फटिकही जुन्या हालचालीच्या दिशेने रांगेत लागतात आणि कोट्यवधी वर्षे तसेच राहतात. चौथे, जाड आणि पातळ शिलावरण जेथे एकमेकांस भिडते, तेथे ताण एकवटतो. प्राचीन भूखंडगाभ्याची मुळे दीडशे-दोनशे किलोमीटर खोल जाऊ शकतात. त्याची कड म्हणजे जाड पुठ्ठ्याला कागद चिकटवल्यासारखी जागा. ओढले की फाटते ते कडेला.

या कारणांमुळे खडकाला जणू स्मृती असते, असे म्हटले जाते. शब्द काव्यमय आहे, पण त्यामागे स्फटिकांची रांग, चिकणमातीचा थर आणि जाडीतील फरक अशा मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत.

डोळ्यांदेखत फाटणारा भूखंड

गोंडवन खचदऱ्या आता थंड पडल्या आहेत. ही क्रिया जिवंत पाहायची, तर पूर्व आफ्रिकेत जावे लागते. १८९३ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक जॉन वॉल्टर ग्रेगरी केनियातील त्या अवाढव्य दरीत उतरले. ही दरी नदीने कोरलेली नसून दोन समांतर प्रस्तरभंगांमधली जमीन खचून झाली आहे, हे त्यांनी ओळखले. खचदरीला इंग्रजीत रूढ झालेले नाव त्यांच्याच लेखनातून आले.

नकाशावर ही दरी इथिओपियातून दक्षिणेकडे येते आणि मग एक अनपेक्षित गोष्ट करते: ती दुभंगते. एक शाखा केनियातून, दुसरी युगांडा, रवांडा, बुरुंडी आणि टांझानियाच्या पश्चिम सीमेने. दोहोंच्या मध्ये उभा आहे टांझानियाचा भूखंडगाभा. त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक, म्हणजे बस्तरच्या गाभ्याचा समवयस्कच. खचदरीने त्याला मधोमध चिरले नाही, वळसा घातला. दोन्ही शाखा त्याच्या भोवतालच्या प्राचीन पर्वतपट्ट्यांतून गेल्या आहेत. टांगानिका सरोवराची सुमारे १,४७० मीटर खोली अशाच एका प्राचीन पट्ट्यात उतरलेल्या खचदरीची देणगी आहे.

नियम एवढा सरळ असता, तर विज्ञान लवकर संपले असते. केनिया आणि इथिओपियाच्या सीमेवरील तुर्काना परिसरात आजची खचदरी उत्तर-दक्षिण जाते, पण तेथे आधीच एक जुनी, फसलेली खचदरी वायव्य-आग्नेय दिशेने पसरलेली होती. नवी दरी तिच्या रेषेने वळली नाही, तिला छेदून गेली. तरीही जुन्या दरीने आपली खूण भूरूपावर ठेवली. कवच तेथे आधीच ताणून पातळ झालेले असल्याने तुर्कानाचा प्रदेश दोन्ही बाजूंच्या उंच पठारांच्या मध्ये सखल राहिला, आणि आजचे ताणणे एका अरुंद दरीत न मावता रुंद पट्ट्यात पसरले. जुनी रचना कधी वाट दाखवते, तर कधी केवळ उंची आणि रुंदी ठरवते.

याच मालिकेच्या उत्तर टोकाला, इथिओपियाच्या अफार प्रदेशात, सप्टेंबर २००५ मध्ये सुमारे साठ किलोमीटर लांबीची भेग शिलारसाने भरली आणि काही ठिकाणी जमीन आठ मीटरपर्यंत दूर सरली. एरवी हे दोन भूपट्ट वर्षाला काही मिलिमीटरच्या वेगाने दूर जातात. शतकांचा साठलेला ताण काही आठवड्यांत मोकळा झाला.

पश्चिम किनारा आणि उलट वाहणाऱ्या नद्या

भारताचा पश्चिम किनाराही अशाच फाटण्यातून घडला. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगातील भूवैज्ञानिक एस. के. बिस्वास यांनी १९८२ मध्ये कच्छ, खंभात आणि नर्मदा या तीन खचदऱ्यांचा एकत्र विचार मांडला. त्यांच्या मते तिन्हींच्या दिशा जमिनीत आधीपासून कोरलेल्या होत्या: एक अरवली-दिल्लीच्या पर्वतपट्ट्याची, दुसरी धारवाडची, तिसरी सातपुड्याची. त्या एकाच वेळी उघडल्या नाहीत. आधी कच्छ, मग खंभात, मग नर्मदा, अशा उत्तरेकडून दक्षिणेकडे. भारत गोंडवनातून सुटून सरकत असताना त्याची कड एकेका शिवणीवर उसवत गेली. कोकणचा किनारा साधारण उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय असा का धावतो, याचे उत्तरही धारवाडच्या खडकांच्या त्याच पदरात शोधले जाते.

भूरूपावरील परिणाम शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. द्वीपकल्पातील मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. नर्मदा आणि तापी मात्र पश्चिमेकडे. त्या दोघी आयत्या मिळालेल्या खचलेल्या वाटेने जातात. जळगाव जिल्ह्यातील उनपदेवचे गरम पाणी आणि छत्तीसगडच्या उत्तरेला बलरामपूर जिल्ह्यातील तातापानीचे ऊनऊन झरे याच विस्तृत पट्ट्यातले. खोल भेगांतून पाणी खाली जाते, तापते आणि वर येते. १९६० मध्ये अंकलेश्वरला सापडलेले तेलही खंभातच्या खचदरीत साचलेल्या गाळातले. भिलाईचा कोळसा आणि गुजरातचे तेल, दोन्ही भूखंडाच्या उसवलेल्या शिवणींतून आले आहेत.

शिवण दाबली जाते तेव्हा

आज भारतावर ताण नाही, दाब आहे. आशियाशी टक्कर चालू असल्याने भारतीय भूपट्ट उत्तर-दक्षिण दिशेने दाबला जात आहे. अशा वेळी जुन्या खचदऱ्यांचे प्रस्तरभंग गप्प बसत नाहीत. एके काळी ज्या पृष्ठावरून जमीन खाली घसरली, त्याच पृष्ठावरून ती आता वर ढकलली जाते.

१६ जून १८१९ रोजी कच्छच्या रणात भूकंप झाला आणि मैलोन्मैल लांबीचा एक उंचवटा वर आला. लोकांनी त्याला ‘अल्ला बंद’ म्हटले, म्हणजे देवाने बांधलेला बांध. चार्ल्स लायेल यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याचा दाखला दिला. २६ जानेवारी २००१ रोजी, याच खचदरीत, ४५ ते ५० अंशांनी कललेल्या एका प्रस्तरभंगावर भूज-भचाऊचा भूकंप झाला. दाबाखाली नव्याने तुटणारा खडक याहून कमी उताराने तुटला असता. इतका उभट प्रस्तरभंग ताणाच्या काळाचा वारसा सांगतो. त्या सकाळी सुमारे वीस हजार माणसे मृत्युमुखी पडली.

१३ एप्रिल १९६९ रोजी गोदावरीच्या खचदरीत भद्राचलमला ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला. २२ मे १९९७ च्या पहाटे नर्मदेच्या रेषेवर जबलपूर हादरले. त्याचा उगम सुमारे ३५ किलोमीटर खोल होता. म्हणजे शिवण केवळ वरवरची नाही, कवचाच्या तळापर्यंत गेलेली आहे.

महाराष्ट्राने ही गोष्ट अधिक जड किंमत देऊन शिकली. दख्खनचे पठार अढळ आहे, हा दीर्घकाळचा समज होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्या समजाला पहिला तडा गेला. १९७० मध्ये देशाचा भूकंपप्रवणता नकाशा सुधारण्यात आला. पण लातूर आणि उस्मानाबादचा मुलूख त्यातही सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात राहिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपलेली असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. दगडमातीच्या जाड भिंतींखाली घरेच्या घरे गाडली गेली.

किल्लारीजवळ पुढे विंधनविहीर खोदण्यात आली. बेसॉल्टचा थर तेथे सुमारे ३४० मीटरच निघाला, आणि त्याखाली धारवाडच्या काळाचा पुरातन नाइस. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने जुन्या जमिनीवर काळी चादर पसरली होती. वरून पाहणाऱ्याला चादर दिसली. तिच्याखालची शिवण दिसली नाही. कोयनेच्या परिसरात कऱ्हाडच्या संशोधन केंद्राने तीन किलोमीटर खोलीची प्रायोगिक विंधनविहीर खोदली. तेथे बेसॉल्ट सुमारे १,२५० मीटर जाड आहे आणि भूकंप होतात ते त्याखालच्या ग्रॅनाइटमध्ये. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला विभागच काढून टाकण्यात आला. देशात भूकंपाच्या धोक्यापासून पूर्ण मुक्त अशी जागा नाही, ही त्यातील कबुली होती. ती यायला किल्लारी घडावी लागली.

न उसवलेली शिवण

याचा अर्थ प्रत्येक जुनी रेषा धोक्याची आहे, असा नव्हे. त्याचा पुरावा भिलाईच्या दाराशीच आहे. भिलाईच्या पश्चिमेला राजनांदगाव आणि डोंगरगडच्या परिसरात सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी खडकांचा उत्तर-दक्षिण पट्टा आहे. अनेक अभ्यासक त्याला एका प्राचीन खचदरीचा अवशेष मानतात. बमलेश्वरीच्या दर्शनाला डोंगर चढणारा भाविक ज्या गावात उतरतो, त्याच गावाचे नाव तेथील ग्रॅनाइटला मिळाले आहे. गोंडवन काळात भूखंड ताणला गेला, तेव्हा मात्र हा पट्टा उघडला नाही. उघडल्या त्या गोदावरी आणि महानदीच्या शिवणी.

शिवण जुनी असणे पुरेसे नाही. ती ताणाच्या दिशेशी योग्य कोनात असावी लागते, पुरेशी खोल असावी लागते, आणि मधल्या काळात तिच्यात शिरून थंड झालेल्या ग्रॅनाइटने तिला पुन्हा सांधलेले नसावे लागते. म्हणून आजचा संशोधक नुसता नकाशा रंगवून थांबत नाही. भूकंपलहरींचा वेग, गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक, खोल कवचाची विद्युतवाहकता आणि उपग्रहांनी मोजलेली जमिनीची सरकण या सर्वांवरून कोणती शिवण मेली आणि कोणती केवळ निजली आहे, हे तो पडताळून पाहतो. धरण, अणुभट्टी, पूल किंवा साधे शाळेचे घर बांधताना हा फरक माणसांच्या जिवाचा असतो.

भिलाईभोवतीची जमीन सपाट दिसते. नंदिनीच्या चुनखडीचे थर शंभर कोटी वर्षांच्या आसपास जवळजवळ आडवे पडून आहेत. त्यांत सूक्ष्मजीवांनी रचलेल्या स्ट्रोमॅटोलाइटच्या घुमटाकार ओळीही अजून शाबूत आहेत. शिवनाथ त्यांच्यावरून संथ वाहते आणि पुढे महानदीला मिळते. हा सपाटपणा बस्तरच्या गाभ्याच्या टणकपणाची देणगी आहे; भूखंड फाटला तेव्हा फाट या गाभ्याला वळसा घालून गेली. त्या वळशामुळेच लोखंड येथे राहिले आणि कोळसा पलीकडच्या खोऱ्यांत साचला, आणि त्या वळशामुळेच कोळशाच्या वाघिणींना आजही लांबचा प्रवास करावा लागतो. नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींना नकाशावर लोखंडाचा गडद रंग दिसला. त्या रंगांच्या सीमारेषा नीट वाचायला विज्ञानाला आणखी साठ-सत्तर वर्षे लागली, आणि चादरीखालच्या रेषांचे वाचन अजून चालू आहे.